साथीचा सूर : जालन्याचे अप्पा जळगावकर

‘कॉन्सर्ट पियानिस्ट’ हा शब्द आपण इंग्रजी सिनेमात किंवा भाषांतरित कादंबरीत ऐकलेला असतो. डोळ्यांसमोर एक चित्र येतं. मोठं सभागृह, मधोमध काळा, तुळतुळीत, होडीएवढा पियानो आणि त्याच्यापुढे ताठ बसलेला एकच माणूस. त्याचं नाव जाहिरातीत सगळ्यांत वर. मागे पन्नास-साठ वादकांचा ताफा असला तरी तोही त्याच्या साथीला. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी शिक्षण सुरू, रोज सहा-सात तास रियाज, मग स्पर्धा, मग गावोगावचे दौरे. असं ते आयुष्य.

मित्रहो, मला प्रश्न पडला तो असा, की पट्ट्यांवर बोटं चालवत सगळं आयुष्य काढलेला असा माणूस आपल्याकडे कोण? मुंबईतल्या पारशी आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतून पियानो आहे, तिथे तो उत्तम वाजवला जातो. पण आपल्या जालना जिल्ह्यात पियानो कुठून येणार? आपल्याकडे आहे ती पेटी. भजनी मंडळाची पेटी, शाळेच्या प्रार्थनेची पेटी, उरुसातल्या कव्वालीची पेटी. आणि या पेटीवर देशभरात नाव कमावलेला एक माणूस याच मातीत जन्मला. अप्पा जळगावकर. आजचं बोलणं त्यांच्याविषयी आणि त्यांच्या वाद्याविषयी.

अप्पांचं खरं नाव सखाराम. जन्म 4 एप्रिल 1922 चा, जालन्याचा. आडनावामुळे पुष्कळांना ते खानदेशातले वाटतात. म्हणून हे मुद्दाम सांगायचं, की माणूस आपला, मराठवाड्याचा. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. मराठवाडा मुक्त झाला तो 17 सप्टेंबर 1948 ला. त्या वेळी अप्पा 26 वर्षांचे होते. आणि योगायोग असा, की त्यांचं निधन झालं ते 16 सप्टेंबर 2009 ला, पुण्यात, मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी. 87 वर्षांचं आयुष्य. 2000 सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तोही पेटीसाठी. या वाद्याला त्याआधी काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं ते कळलं, म्हणजे या पुरस्काराचं मोल कळतं. त्याकडे मी येणारच आहे.

अप्पा सुरुवातीला पेटी शिकले नाहीत. ते गाणं शिकले. छब्बूराव चिखलीकर यांच्याकडे त्यांनी धृपद-धमाराची तालीम घेतली. धृपद म्हणजे सावकाश, भारदस्त गाणं. स्वर नीट लावायचा, तो लागला की टिकवायचा, लयीचा हिशेब चुकू द्यायचा नाही. पुढे ते पेटीकडे वळले आणि पेटी मात्र ते बहुतांशी स्वतःच्या स्वतःच शिकले. कानांनी ऐकायचं आणि बोटांनी शोधायचं. गळ्यातलं गाणं आधी, बोटं नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. त्यांच्या पेटीत जे आहे ते बरंचसं या क्रमातून आलेलं आहे, असं मला वाटतं.

आता थोडं वाद्याकडे बघू. पियानोच्या आणि पेटीच्या पट्ट्या सारख्याच दिसतात, पांढऱ्या आणि काळ्या. पण आतला कारभार अगदी वेगळा आहे. पियानोत पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आदळते. इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने 1700 च्या सुमारास ही युक्ती काढली. पट्टी हळू दाबली तर सूर हळू, जोरात दाबली तर मोठा. मात्र एकदा निघालेला सूर लगेच विरायला लागतो. घंटेचा टोल जसा विरतो, तसा.

पेटीत तार नाही. तिथे आहेत पितळेच्या पातळ जिभा. त्यांनाच आपण ‘सूर’ म्हणतो. एका चौकटीच्या फटीवर ही जीभ एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली असते. भात्याने हवा आली आणि पट्टी दाबून वाट मोकळी केली, की जीभ थरथरते आणि सूर निघतो. जीभ लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर वरचा. सूर चढवायचा तर कारागीर जिभेचं टोक जरासं खरवडतो, उतरवायचा तर बुडाशी खरवडतो. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर आपल्याकडे नावाजलेले. जुन्या पेट्यांत जर्मनीचे, पॅरिसचे सूर असायचे. तशी जुनी पेटी घरात असली तर माणसं ती जमिनीच्या सातबाऱ्यासारखी जपतात.

पेटीची पट्टी जोरात दाबून उपयोग नाही. आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, म्हणजे डाव्या हाताने. आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. माणसाचा श्वास आहे तोवर त्याचा स्वर टिकतो, तसंच हे. पियानोपेक्षा ही गरीब पेटी आपल्या गाण्याला जवळची का वाटली, याचं पहिलं कारण हे आहे. आपलं गाणं लांब स्वराचं गाणं आहे. आणि पेटी श्वासावर चालते.

ही पेटी मुळात युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पेटी पायाने भाता मारायची होती आणि वाजवणारा खुर्चीवर बसत असे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ती हिंदुस्थानात आली. आपल्याकडे गाणं-बजावणं जमिनीवर बसून. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हाताने भाता मारायची, सतरंजीवर ठेवता येईल अशी सुटसुटीत पेटी घडवली. एक हात भात्यावर गेला, त्यामुळे दोन्ही हातांनी वाजवायची सोय संपली. युरोपच्या संगीताला ते चाललं नसतं. तिथे एकाच वेळी पाच-सात सूर लागतात. आपलं संगीत एका वेळी एका स्वराचं. त्याला एक हात पुरला.

महाराष्ट्रात पेटी घरोघर पोचली ती नाटकांमुळे. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे ऑर्गन, म्हणजे पायपेटी, आणि तबला हा मांडच होऊन गेला. गोविंदराव टेंबे हे त्यातलं मोठं नाव. भास्करबुवा बखले यांच्या गाण्याला ते पेटीची साथ करायचे आणि 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’च्या चाली त्यांच्याच. त्यांच्यानंतर विठ्ठलराव कोरगावकर, मधुकर पेडणेकर, गोविंदराव पटवर्धन, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे अशी मोठी रांग आहे. अप्पा याच रांगेतले. भारतात पेटी सगळीकडे आहे, पण तिचा इतका सांभाळ फार थोड्या प्रांतांनी केला.

आता तिच्यावरच्या आरोपांकडे येऊ. आरोप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आरोप, पेटीत मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर गळा घसरत जातो, सतारीची तार ओढून तसं करता येतं, सारंगीवर नखाच्या मागच्या बाजूने तार दाबून तसं करता येतं. पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. ओसरीची पायरी आहे, घसरगुंडी नाही. दरबारीतला तो डोलणारा कोमल गंधार पेटीवर कुणी डोलवून दाखवू शकणार नाही.

दुसरा आरोप जरा समजून घ्यायला हवा. आपला कान ज्याला सुरेल म्हणतो ते नातं साध्या हिशेबाचं असतं. समजा, षड्जाची कंपनं सेकंदाला 240 आहेत. वरचा षड्ज दुप्पट, म्हणजे 480. पंचम दीडपट, 360. आणि शुद्ध गंधार सव्वापट, 300. पाव, दीड, दुप्पट, आपल्या बाजारातलाच हिशेब. तंबोरा नीट जुळला की त्यातून हा सव्वापटीचा गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी छेडलेला नसताना.

पण पियानोला कुठल्याही पट्टीपासून सुरुवात करून तेच गाणं वाजवता यावं लागतं. म्हणून युरोपात त्यांनी सप्तकाचे बारा सारखे वाटे केले. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे 1.0595 पट. बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट. सोय झाली, पण मधले स्वर थोडेथोडे हलले. पंचम 360 च्या जागी 359.6 झाला, तो फारसा जाणवत नाही. गंधार मात्र 300 च्या जागी 302.4 झाला. आता एकीकडे तंबोऱ्याचा 300 आणि दुसरीकडे पेटीचा 302.4 एकदम वाजले, की सेकंदाला दोन-अडीच वेळा एक लाट उठते. वँव-वँव असा आवाज येतो. सवयीच्या कानाला ते लहान खड्यासारखं टोचतं.

यावर उपाय निघाले नाहीत असं नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल या सांगलीच्या गृहस्थांनी अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून 1910 साली श्रुतींवर पुस्तक लिहिलं. पुढे श्रुतींच्या पेट्या बनल्या. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी तयार केली. पण साथीच्या पेटीवाल्यांनी रोजच्या कामाला एक साधी वाट शोधली. गायकाचा जो षड्ज असेल, म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी पाच, त्याला धरून पेटीचे सूर खरवडून घ्यायचे आणि गंधार-धैवत जागेवर आणायचे. याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. तोटा एवढाच, की ती पेटी मग त्या पट्टीची होते. दुसऱ्या गायकाला दुसरी पेटी. पेटी सुरात आणायची तर तिची सगळीकडे चालण्याची सोय सोडावी लागते.

हे सगळे आरोप घेऊन 1940 साली एक मोठी घटना घडली, आणि ती याच माध्यमात घडली ज्यावरून मी बोलतो आहे. मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तेव्हा रेडिओचे प्रमुख होते लायोनेल फील्डेन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी त्याआधी पेटीविरुद्ध लिहिलेलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनीही या बंदीला पाठिंबा दिला. गंमत बघा, परदेशी साहेब म्हणाले की हे परदेशी वाद्य तुमचं संगीत बिघडवतं. आणि आपल्याकडच्या पुष्कळ मोठ्या माणसांना ते पटलं. स्वराज्य आलं तरी बंदी राहिली. ती अंशतः उठली 1971 मध्ये, तीही वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरती. पेटीच्या एकल वादनाला त्यानंतरही पुष्कळ काळ रेडिओवर जागा नव्हती.

आता अप्पांच्या वयाचा हिशेब मांडा. 1940 ला ते 18 वर्षांचे. 1971 ला 49 वर्षांचे. म्हणजे ज्या काळात रेडिओ हाच कलावंताचा मोठा आश्रयदाता होता, तो ऐन उमेदीचा 31 वर्षांचा काळ त्यांच्या वाद्याला तिथलं दार बंद होतं. कुणी तरुण पियानिस्ट असा कल्पून बघा, की ज्याच्या देशात आकाशवाणीवर पियानोच चालत नाही. किती जण टिकतील?

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर बोलणं एकांगी होईल. पेटीच्या आधी गाण्याच्या साथीला सारंगी होती. सारंगी गळ्याच्या जितकी जवळ जाते तितकं दुसरं कुठलं वाद्य जात नाही. पण तिच्या तीस-पस्तीस तरफा जुळवायला वेळ लागतो, तिचं शिक्षण फार कठीण, आणि कोठ्यावरच्या गाण्याशी नाव जोडलं गेल्यामुळे पांढरपेशा समाजाने तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं. पेटी आली आणि पिढ्यान्‌पिढ्या सारंगी वाजवणारी घराणी, बहुतेक मुसलमान, उघड्यावर पडली. रेडिओने पेटी बंद केली तेव्हा सारंगियांना केंद्राकेंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या. ती बंदी नसती तर कदाचित सारंगी आणखी लवकर गेली असती. म्हणून मी त्या बंदीला सरसकट शिव्या देत नाही. एकाच्या ताटात वाढलेलं दुसऱ्याच्या ताटातून काढलेलं असतं, हे संगीतातही होतं. पण सारंगीला जगवायचं म्हणून पेटीला परकी ठरवायची गरज नव्हती. दोघींना जागा होती.

रेडिओ नव्हता तरी मैफिली होत्या. अप्पा पुण्यात राहून मैफिलींत वाजवत राहिले. त्यांनी कुणाकुणाला साथ केली ती यादी म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या हिंदुस्थानी संगीताचा हजेरीपटच आहे. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, जसराज, माणिक वर्मा, शोभा गुर्टू. तबल्यात अहमदजान थिरकवा खांसाहेब आणि झाकीर हुसेन. कथकात रोहिणी भाटे आणि बिरजू महाराज. ही नावं एका दमात घेता येतात, पण यातला प्रत्येक जण वेगळा होता. भीमसेनजींचा दमदार आवाज आणि झेपावणारी तान, किशोरीताईंचा एकेका स्वराभोवतीचा शोध, वसंतरावांचं ऐन वेळी भलत्याच वाटेने जाणं. एकच माणूस या सगळ्यांच्या शेजारी बसतो आणि प्रत्येकाला वाटतं की हा माझाच. ही गोष्ट सोपी नाही.

साथ म्हणजे नेमकं काय, हे मी माझ्या भाषेत सांगतो. मी कवी माणूस. मुशायऱ्यात एक रिवाज असतो, मिसरा उठाना. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो, आणि समोरचे, शेजारचे ती ओळ उचलून पुन्हा म्हणतात. त्यात नवं काही नसतं. पण त्या उचलण्याने ओळ हवेत टिकते, शायराला श्वास घ्यायला सवड मिळते आणि दुसऱ्या ओळीची ओढ वाढते. मिसरा चुकीचा उचलला, घाईने उचलला, किंवा उचलणाऱ्याने आपलाच गळा दाखवला, तर शेर मेला. आपल्या गोंधळात, पोवाड्यात झीलकरी हेच काम करतात. ‘री ओढणे’ हा शब्दप्रयोग आपण नावं ठेवायला वापरतो, पण चांगली री ओढायला शाहिराइतकीच अक्कल लागते.

पेटीच्या साथीला हेच लावून बघा. बसायची जागा ठरलेली, गायकाच्या डाव्या हाताला. आलापी चालू असताना पेटीवाला गायकाच्या अर्धं पाऊल मागे असतो. गायक कुठे जाणार ते त्याला आधी कळलेलं असतं, तरी तो आधी पोचत नाही. पोचला तर गायकाची वाटच संपली. गायकाने स्वर सोडला, श्वास घेतला, की तेवढ्या पोकळीत पेटी तो स्वर धरून ठेवते, म्हणजे मैफिलीचा धागा तुटत नाही. तान आली की ती जशीच्या तशी उचलायची, पण तिच्यावर स्वतःची कडी करायची नाही. आणि जिथे मींड आहे, जिथे पेटी खोटी पडणार आहे, तिथे हात उचलायचा किंवा भाता इतका हलका करायचा की पेटी आहे की नाही कळू नये. आपल्या वाद्याला काय येत नाही हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच त्याच्याकडून जास्तीत जास्त काढून घेता येतं. धृपदाची तालीम इथे कामाला येते. गाणारा पुढे काय करील हे गायलेल्या माणसाला कळतं, नुसत्या बोटं चालवणाऱ्याला नाही.

तबल्याच्या आणि कथकच्या साथीत काम आणखी वेगळं. तिथे वाजवायचा लेहरा. तीनतालाचा असेल तर सोळा मात्रांची एकच सुरावट, पुन्हा पुन्हा, घड्याळासारखी. तबलजी त्या सोळा मात्रांच्या चौकटीत गुणाकार-भागाकार करतो, लयीला आडवा जातो, ऐकणाऱ्याला चकवतो. सगळी दाद त्याला. पण त्याची गंमत कळते ती शेजारी कुणीतरी न हलता उभं आहे म्हणून. लेहरेवाला चकला, एका मात्रेने जरी, तर वर उभं केलेलं सगळं कोसळतं. तास-तासभर तेच वाजवायचं, कंटाळा येऊ द्यायचा नाही, मोह होऊ द्यायचा नाही. थिरकवा खांसाहेबांसारख्या उस्तादाशेजारी हे करायचं म्हणजे काय, याची कल्पना करा.

युरोपातही एक माणूस असा होऊन गेला. जेराल्ड मूर. इंग्रज पियानिस्ट, 1899 ते 1987. त्याने स्वतःच्या मैफिली करायच्या सोडून सगळी हयात गायकांच्या साथीत घालवली. त्या काळी तिकडेही साथीदाराची कदर नव्हती, त्याचं नाव बारीक अक्षरांत. मूरने साथीला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला, त्यावर व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली. 1962 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की माझा आवाज जास्त तर होत नाही ना? साथीदाराच्या सगळ्या जन्माचा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. मला अप्पा आणि मूर शेजारी शेजारी दिसतात. एकाची खुर्ची, एकाची बैठक, पण काम एक.

आपल्याकडे अजून काय चालतं ते तुम्ही पाहिलं असेल. कार्यक्रमाच्या फलकावर गायकाचा मोठा फोटो, खाली प्रायोजकांची नावं, आणि अगदी तळाशी, ‘साथ’ म्हणून दोन नावं. कधी तीही चुकीची छापलेली, कधी छापलेलीच नाहीत. सूत्रसंचालक निवेदनाच्या शेवटी म्हणतो, ‘आणि पेटीवर आहेत...’ आणि चिठ्ठी शोधतो. मानधनातही हाच उतरता भाव. तालुक्याच्या गावी पेटी शिकलेला हुशार मुलगा शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला जातो, त्याचं कारण मी त्याला विचारत नाही. घर चालवायचं असतं. पण आपण एवढं तरी करू शकतो, की साथीदाराचं नाव विचारून घ्यावं, बरोबर लिहावं, आणि पाकीट देताना मान खाली घालावी लागू नये एवढं त्यात ठेवावं. अप्पांच्या गावच्या माणसांनी हे केलं नाही तर कुणी करायचं?

आणखी एक गोष्ट, जी माझ्या जिव्हाळ्याची आहे. आमच्या घरात पेटी होती. माझे चाचा ती कव्वालीला वाजवायचे, आणि एकादशीला शेजारच्या भजनी मंडळाची पेटी बिघडली की तीच पेटी तिकडे जायची. तीच पट्टी, तोच भाता, रात्री नात आणि पहाटे अभंग. ती फ्रान्सची आहे, हे त्या दोन्ही ठिकाणी कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. चांगली माणसं, मनापासून कौतुक करणारी, म्हणायची, ‘अहो, तुमचं मराठी किती छान आहे!’ त्या वाक्यात एक ‘असूनसुद्धा’ न बोलता बसलेला असतो. मी हसून आभार मानतो. पण पेटीच्या बंदीची हकिगत वाचली तेव्हा मला ते वाक्य आठवलं. एखादी गोष्ट आपली आहे हे ठरवायचं कशावरून? ती कुठून आली यावरून, की तिने कुणाच्या गाण्याला किती वर्षं साथ दिली यावरून? पेटीच्या बाबतीत याचा निकाल कुठल्या समितीने दिला नाही. तो अप्पांसारख्या माणसांच्या बोटांनी दिला. रेडिओवर जागा नसताना त्यांनी वाद घातला नाही, निवेदनं काढली नाहीत. गायकाच्या डाव्या हाताला बसले आणि वाजवत राहिले. अखेर 2000 साली संगीत नाटक अकादमीने सन्मान केला तो याच परक्या म्हटलेल्या वाद्याचा.

आज पेटीचे दिवस बरे आहेत. मूळचे नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी तिला ‘संवादिनी’ म्हटलं आणि तिच्यावर स्वतंत्र वादन करून दाखवलं. तुळशीदास बोरकरांनी एकल वादनही केलं आणि शिष्यही घडवले. आता मुलं-मुली रंगमंचाच्या मधोमध बसून पेटी वाजवतात, तबलजी त्यांच्या साथीला असतो. मला आनंद आहे. पण मधोमध बसणं हाच मोठेपणा, असं त्यांच्या मनात बसू नये. आपल्या जिल्ह्यात जांब समर्थचा उत्सव आहे, अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय गाण्याची जुनी परंपरा आहे, गावोगाव हरिनाम सप्ताह आहेत, उरूस आहेत. साथीच्या पेटीला काम भरपूर आहे. कमी आहे ती तालीम. भजनाची पेटी वाजवणाऱ्या मुलाला आधी दोन वर्षं गायला शिकवा, पट्ट्या मग दाखवा. अप्पांच्या आयुष्यातला क्रम हाच होता.

आणि ऐकणाऱ्यांसाठी एक छोटा अभ्यास. भीमसेनजींचं किंवा वसंतरावांचं, अप्पांची साथ असलेलं एखादं ध्वनिमुद्रण मिळवा. आता मोबाइलवरही मिळतं. पहिल्यांदा गाणं ऐका. दुसऱ्यांदा मात्र गायकाकडे लक्ष देऊ नका, फक्त पेटी ऐका. गायक श्वास घेतो तेव्हा ती काय करते, तान झाल्यावर काय उचलते, आणि विशेष म्हणजे कुठे गप्प बसते. मग तिसऱ्यांदा पुन्हा सगळं एकत्र ऐका. गाणं तेच असेल, पण त्यात एक माणूस वाढलेला असेल. तो पहिल्यापासून तिथेच होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)